कुंकवाखालचा डाग

बसा मंडळी, बसा! ते मागचे पाहुणे, खांबाला टेकलेले, पुढे या हो! कीर्तनात झोप लागली तर पुढे बसून लागावी, म्हणजे निदान मला कळतं माझं कुठे चुकतंय ते!

आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. सोपा आहे. जो धोक्याच्या वाटेला निघालाय, कडा चढायला निघालाय, बर्फात निघालाय, त्याच्या हातात द्यावं काय? काय द्यावं? बोला की!

शाल? बरं. श्रीफळ? वा! डोंगर चढणाऱ्याला नारळ! म्हणजे आधीच पाठीवर ओझं, त्यात हा आणखी एक डोकं घेऊन चालला! हसताय काय? आपण असंच देतो. आपल्याला जे द्यायला आवडतं ते देतो. त्याला काय लागेल, हे विचारायला कोणाला वेळ आहे?

ऐका तर. संगमनेरला हेरंब बेंद्रे नावाचा एक तरुण. नोकरी बँकेत, जीव मात्र सुळक्यावर! सुट्टी आली की दोर खांद्याला, आणि निघाला. घरात आई, तिला सगळे माई म्हणत. हेरंब तिचा एकुलता एक. आणि बायको चारुता, लग्नाला दोन वर्षं झालेली.

ह्या हेरंबाचा वाढदिवस आला. नातेवाइकांनी काय द्यावं? मामानं दिलं पितळी होकायंत्र, दिवाणखान्यात ठेवायचं! उत्तर कुठेही असो, त्याची सुई मामाच्या घराकडे! आत्यानं दिला स्टीलचा डबा, एवढा मोठा की त्यात आत्या मावेल! काकांनी दिलं हिमालयावरचं पुस्तक. उत्तम पुस्तक हो, वाचावंच! पण काका म्हणाले, "सोबत ने, वर बसून वाच." अहो, ते पुस्तक उचलून वर न्यायचं तर त्याच्यासाठी वेगळा हमाल लागेल! पुस्तक घरी वाचायचं, डोंगरावर त्यातलं आठवायचं. एवढं साधं!

चारुता मात्र शहाणी. ती नवऱ्याच्या दोस्ताकडे गेली. जनार्दन ठोंबरे, शाळेत कवायतीचे सर, हेरंबाबरोबर चढणारे. म्हणाली, "सर, ह्याला खरंच काय हवंय?" ठोंबरे म्हणाले, "वहिनी, दोर. जुना आता सरावापुरता ठीक आहे." मग दोघं पुण्याला जाऊन दोर घेऊन आले. निळा, चकचकीत, मऊ. हेरंबानं तो पोटाशी धरला! म्हणाला, "चारू, हा दोर म्हणजे माझा जीव. ह्यावर पाय द्यायचा नाही, तेल सांडायचं नाही, विस्तव तर जवळ आणायचाच नाही." ती म्हणाली, "बरं बाबा, पोरासारखा सांभाळीन."

इथपर्यंत सगळं छान. हो की नाही? आता भीती वाटायला लागेल. लहान मुलांना जरा जवळ घ्या.

नवरात्र आलं. खंडेनवमीचा दिवस. आपल्यात काय पद्धत? सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, ड्रायव्हरची गाडी, ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. मग हेरंबाचं हत्यार कोणतं? दोर! माईंनी पाट मांडला, त्यावर तो निळा दोर वेटोळं करून ठेवला, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. उद्या दसरा. हेरंब दर दसऱ्याला सीमोल्लंघन करायचा ते एखादा सुळका चढूनच. यंदा ठोंबऱ्यांबरोबर भुत्याचा सुळका ठरलेला. नावातच भुत्या! सरळ उभा कातळ, खाली दरी. आणि म्हणून माईंनी पूजा जरा जास्तच मनापासून केली. आईच ती!

आरती सुरू झाली. घर भरलेलं, झांजा, टाळ्या, सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि तबकातली एक कापराची वडी, जळती, घसरली... आणि दोराच्या वेटोळ्यात जाऊन पडली.

कोणाला दिसलं? कोणालाच नाही! डोळे मिटलेले ना! वास आला, तो धुपाचा वाटला. आरती संपेपर्यंत ती वडी आतल्या आत जळत राहिली. आपण म्हणतोय "जय देव जय देव", आणि देवापुढेच त्या पोराचा जीव जळतोय!

पाहुणे जेवायला बसले. चारुता पाट उचलायला गेली, तिनं दोराला हात लावला, आणि तिच्या बोटाला काहीतरी टणक लागलं. बघते तर काळा डाग. दोराचे दोन पदर वितळून एकमेकांना चिकटलेले. तिनं ओढून सुटे केले.  ती माईंकडे धावली. "माई, हे बघा! दोर जळलाय!"

माईंनी पाहिलं. तोंड पांढरं पडलं. आणि मग काय म्हणाल्या? "हळू बोल! सणासुदीचं अभद्र तोंडातून काढू नकोस. उद्या पोर निघायचंय. एवढासा तर डाग आहे. त्यावर कुंकू लाव. देव बघून घेईल."

आणि चारुतेनं कुंकू लावलं.

का लावलं? मूर्ख होती का? नाही हो! तुम्ही काय केलं असतं? सासूबाई, सण, पाहुणे. निघणाऱ्याला टोकायचं नाही, निघणाऱ्यापुढे वाईट बोलायचं नाही. लहानपणापासून आपल्या हाडात मुरलेलं आहे हे. तिनं ठरवलं, संध्याकाळी सांगीन. संध्याकाळी पाहुणे हलेनात. मग म्हटलं, सकाळी सांगीन.

सकाळ झाली. तुम्ही म्हणाल, बुवा, तो हेरंब एवढा तयारीचा, निघण्याआधी दोर तपासत नाही? तपासतो! दर वेळी सगळा दोर हातातून सरकवतो. पण आज? पूजेतलं हत्यार! माईंनी माळेसकट पिशवीत भरून दिलं. "सीमेपाशी पोचल्याशिवाय सोडायचं नाही." आईचं मन मोडवेना. म्हणाला, "बरं, तिथं बघतो."

हातावर दही ठेवलं. चारुता दारात उभी. तोंड उघडलं तिनं, "अरे, तो दोर..." माईंनी एवढे डोळे केले! हेरंब वळला. "काय गं?"

"काही नाही. जपून ये."

गेला. मोटारसायकलचा आवाज कोपऱ्यावर विरला.  चारुता पोळ्या लाटायला बसली. पोळी लाटली, वाकडी. दुसरी, फाटली. फोन लावला, संपर्क होत नाही. पुन्हा लावला. डोंगराच्या कुशीत कुठला आलाय संपर्क! प्रत्येक क्षणाला तिला दिसतंय काय? तो काळा डाग. आणि त्याच्याखाली लटकणारा नवरा.

ती उठली. स्कूटरची किल्ली घेतली. माई दारात आडव्या. "कुठे निघालीस सणाचं घर टाकून?"

"त्याला मागून हाक मारायला!"

मंडळी, काय बोलली बघा! ज्या घरात मागून हाक मारणं म्हणजे अपशकुन, त्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून बोलली! तिला वाटलं, माई आता कडाडणार. पण नाही! रात्रभर त्याही झोपल्या नव्हत्या ना! दारातून बाजूला झाल्या. एरवी स्कूटर जोरात काढली तर दिवसभर बोलणारी बाई, म्हणाली, "पळव."

पळवली तिनं! रस्ता खड्ड्यांचा, त्यात दसऱ्याचे ट्रॅक्टर, झेंडूच्या गाड्या, मिरवणुका. एका वळणावर स्कूटर घसरली, कोपर सोलवटलं, उठली, पुन्हा निघाली. मनात एकच. देवा, तो अजून खालीच असू दे. उशीर होऊ दे त्याला. दोन वर्षं ज्याच्या उशिरा येण्यावर भांडली, त्याच्यासाठी उशीर मागत होती!

पोचली पायथ्याला. चढताना खालून दोर सोडणारे ठोंबरे तिथे उभे. वर पाहते तर... हेरंब माथ्यावर.

आता नीट ऐका. वर चढताना दोर असतो सोबतीला. हात कातळावर, पाय कातळावर. घसरला तरच दोराला ताण. म्हणून चढला, सुखरूप चढला. पण उतरताना? उतरताना माथ्यावरच्या कडीत दोर ओवायचा, कड्याकडे तोंड, दरीकडे पाठ, आणि सगळं अंग त्या दोरावर सोडून द्यायचं! सगळं! दोर तुटला तर धरायला काही नाही.

आणि हेरंब काठावर पाठमोरा उभा. उतरायच्या तयारीत!

"हेरंब!" ओरडली ती. आजकालच्या मुली नावानं हाक मारतात, काही वाईट नाही. "अहो" म्हटलं असतं तर खालच्या वाडीतल्या सगळ्या बाप्यांनी वळून पाहिलं असतं! पण वारा केवढा! त्याला शब्द ऐकू गेले नाहीत, नुसता आवाज गेला. त्यानं मान वळवून खाली पाहिलं. बायको! दसऱ्याला बायको भेटायला आली! किती आनंद झाला त्याला! त्यानं हात हलवला. हसला. आणि अंग मागं टाकलं.

अरे देवा! भार आला दोरावर!

चारुता ठोंबऱ्यांच्या अंगावर जाऊन आदळली. "सर, थांबवा त्याला! दोर जळलाय! मी त्यावर कुंकू लावलंय!" ठोंबऱ्यांना काय कळलं, काय नाही, पण "जळलाय" एवढं कळलं. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. साधी, कवायतीची. त्यांच्या मंडळींचा नियमच होता, लांब शिट्टी म्हणजे आहेस तिथे थांब. ठोंबऱ्यांनी छाती फुटेस्तोवर फुंकली!

हेरंब थिजला. अर्धं अंग काठाच्या बाहेर. पाय कातळाला टेकलेले, खाली दरी, आणि वर, त्याच्या नाकासमोर, दोन हातांवर, कुंकवाचा ठिपका.

ठोंबरे हातांनी खुणा करतायत, दोर नको! कातळ धर! त्यानं पाहिलं. दोराकडे पाहिलं. ठिपक्याजवळ दोर पिळवटायला लागला होता. वरचा निळा पदर उसवत होता. एक धागा. दुसरा धागा.

हलावं तर भार वाढतो, न हलावं तर धागे सुटतात! त्यानं श्वास धरला. डाव्या हातानं कातळातली एक खाच चाचपली. बोटं रुतवली. मग उजवा हात. दोराला न ओढता, पालीसारखा, इंच इंच वर. खाली चारुता काय करत होती? डोळे मिटले नव्हते तिनं! काल मिटले होते. आज टक्क उघडे ठेवून बघत होती. छातीवर आला काठ. कंबर आली. गुडघा आला... आणि तो माथ्यावर पालथा पडला.

बराच वेळ तो हललाच नाही, मंडळी. खालच्यांना वाटलं, गेला की काय. मग उठून बसला. त्यानं बुद्धी शाबूत ठेवली. दोराचं एक टोक खाली सोडलं. ठोंबऱ्यांनी आपल्या पिशवीतला जुना दोर त्याला बांधला, ह्यानं वर ओढून घेतला. जुना, मळका, रंग उडालेला! पण ज्याचा इंच न् इंच ठोंबऱ्यांच्या हातांनी आदल्या दिवशीच तपासलेला. त्यावरून तो खाली आला.

(पेटीवाले अभ्यंकर, स्वर धरा जरा. रडताय काय तुम्ही? पुसा डोळे, काळी चार!)

वाटे निघाल्या जिवाला काय बांधू शिदोरी?
ओठी अडले ते बोल, तीच जिवाची दोरी.

खाली आला, तो चारुतेसमोर उभा राहिला.  हातात तो निळा दोर. त्यानं डागापाशी दोर वाकवला. कट्! आतले पांढरे धागे जळून कोळसा झालेले, काड्यांसारखे मोडले.

"हे कुंकू कुणी लावलं?"

माईंचं नाव सांगता आलं असतं तिला. नाही सांगितलं. म्हणाली, "मी."

त्याला वाटलं, आपण रागावणार. पण राग आलाच नाही. तो मटकन खाली बसला. म्हणाला, "ठोंबरे, तुमच्या हाताला लागलं नव्हतं हे, दोर सोडताना?"

ठोंबरे मान खाली घालून म्हणाले, "लागलं. मला वाटलं, पूजेचं कुंकू वाळलंय. पूजेचं म्हणून नख नाही लावलं."

"आणि मी..." हेरंब म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. एवढा पहाडासारखा गडी, पोरासारखा रडला. "मी तर माळ काढताना ठिपका पाहिला चारू. नीट पाहिला. आणि तपासायचं सोडून डोळ्यांना लावला. नमस्कार केला गं मी त्याला!"

नमस्कार केला! कळलं का? आईला डाग दिसला, तिनं देवावर टाकला. बायकोला दिसला, तिनं कुंकू लावलं. दोस्ताच्या हाताला लागला, त्यानं पवित्र मानला. आणि ज्याचा जीव त्यावर टांगायचा होता, त्यानं हात जोडले! चौघांनी पाहिला. चौघांचं एकमेकांवर प्रेम. आणि चौघांनी मिळून त्याला मारलंच होतं की!

देव बघून घेईल म्हणता? देव बघतो हो! तुमच्याच डोळ्यांनी बघतो! तुम्ही ते झाकलेत तर त्यानं बघावं कशानं?

पूजा वाईट आहे का? अजिबात नाही! दोराची पूजा म्हणजे काय? तो हातातून सरकवणं, इंच इंच तपासणं, ही पूजा! खोट दिसली तर सणाच्या दिवशी, पाहुण्यांदेखत, सासूसमोर, ओरडून सांगणं, हा मंत्र! शकुन-अपशकुन म्हणता ना? खरं बोलल्यानं अपशकुन होत नाही. खरं गिळल्यानं होतो.

आणि आता माझ्याकडे बघू नका, एकमेकांकडे बघा. तुम्ही, हो, तुम्हीच, निळ्या सदऱ्यातले! तुमच्या घरातलं कोणी उद्या घाटातून गाडी घेऊन जाणार असेल. टायर गुळगुळीत झालाय, तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही काय केलंत? पुढे लिंबू-मिरची बांधलीत! ताई, तुमच्या यजमानांच्या छातीत कळ येते, तुम्ही उपास धरलात, डॉक्टरकडे नेलं नाहीत! कोणाची पोरगी लग्न करून चालली आहे, आणि जावयाबद्दल एक गोष्ट तुमच्या कानावर आलीय. मुहूर्त काढलाय, आता कशाला बोलायचं, म्हणून गप्प! आहे की नाही असं? प्रत्येकाच्या घरात आहे. मला तुमच्या तोंडांवर दिसतंय.

तर आता मी गजर धरणार नाही. हार घालू नका मला. टाळ खाली ठेवा. ज्याच्या ओठांवर काही अडलंय, त्यानं उठावं आणि घरी जावं. चालत्या कीर्तनातून उठायचं नसतं म्हणता? मी बुवा सांगतोय ना, उठा! माणूस अजून दारात आहे. हाक मारा.