लांडगीण दिसली पाहिजे

संचालक : म्हणजे प्राणिसंग्रहालयाचं एवढं आवार मोकळं पडलेलं असताना हिला नेमकं तिथेच बीळ खणायचं होतं?

डॉक्टर : तिला नकाशा दाखवला नव्हता कुणी.

संचालक : टोमणे नकोत. लांडगा संवर्धन केंद्राचं प्रवेशद्वार येतंय तिथे. परवा पायाभरणी आहे.

डॉक्टर : आणि त्या प्रवेशद्वाराच्या बरोबर खाली आपली एकुलती एक लांडगीण गाभण बसलीय. कुठल्याही दिवशी पिल्लं होतील, भावजी.

संचालक : ऑफिसात सर म्हण. बायकोची बहीण प्राण्यांची डॉक्टर म्हणून इथे आली, तेव्हाच मी काय ते समजायला हवं होतं.

डॉक्टर : सर म्हणते, साहेब म्हणते, महाराज म्हणते. तो बुलडोझर तेवढा थांबवा.

आर्किटेक्ट : मॅडम, तुम्ही उगाच काळजी करताय. तिची सोय आराखड्यात आहे. हा बघा प्रसूतिकक्ष. तिन्ही बाजूंनी काच, आत मंद प्रकाश, बसायला पायऱ्या.

डॉक्टर : कुणाला बसायला?

आर्किटेक्ट : प्रेक्षकांना.

डॉक्टर : तुमच्या घरी बाळंतपण झालं असेल ना एखादं?

आर्किटेक्ट : दोन झाली.

डॉक्टर : मग पायऱ्या किती ठेवल्या होत्या?

संचालक : अगं, त्यांच्या घरात कशाला शिरतेस!

डॉक्टर : मग आपल्याच घरातलं बोलू. मागच्या खेपेला ‘पिल्लं पाहायला या’ असा फलक कुणी लावला होता?

संचालक : तो विषय नको.

डॉक्टर : यांना माहीत नाही, म्हणून सांगते. लोक आले, शिट्ट्या मारल्या, पोरं खांद्यावर घेऊन उभे राहिले. आणि ही एकेक पिल्लू तोंडात धरून दिवसभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. लपवायला जागा शोधत. पिल्लांना दूध मिळायचं कधी? एकही वाचलं नाही. लोकांना मात्र वाटलं, काय माया आहे बघा! टाळ्या वाजवल्या.

आर्किटेक्ट : अरेरे.

डॉक्टर : त्या रात्री तुम्ही जेवला नव्हता, सर. ताईनं सांगितलं मला.

संचालक : तुझ्या ताईच्या तोंडाला कुलूप नाही. पण माझंही ऐक. माणूस तिकीट काढून येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, प्राणी कुठेय? झोपलाय म्हटलं की माझ्याशी भांडतो, मग दगड मारून त्याला उठवतो. परवा पायाभरणीला येणाऱ्या पाहुण्यांना लांडगीण दाखवीन असा शब्द दिलाय मी. दिसली नाही तर वरचे विचारतील, न दिसणारे प्राणी वाढवायला नवी जागा कशाला? जुन्या जागेतही ते दिसत नाहीतच की!

आर्किटेक्ट : काचेला पडदा लावू या. बटण दाबलं की वर जाईल.

डॉक्टर : बटण कुणाकडे?

आर्किटेक्ट : पाहुण्यांकडे. उद्घाटनही त्याच बटणाने. खर्चात बचत.

डॉक्टर : धन्य आहे. सर, असं करा, काम सुरूच करा.

संचालक : आत्ता थांबवा म्हणालीस ना!

डॉक्टर : बुलडोझर थांबवा, काम सुरू करा. चारी बाजूंनी पत्रे ठोका. ‘काम चालू आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ कोनशिला पत्र्यांच्या बाहेर, चांगली लांब ठेवा. पाहुणे नारळ फोडतील, फोटो काढतील, जातील.

संचालक : आणि आत?

डॉक्टर : आत कुणीही फिरकायचं नाही. पिल्लं स्वतः बाहेर येईपर्यंत.

आर्किटेक्ट : पण आत काम होत नाही हे लोकांच्या लक्षात येईल.

डॉक्टर : कसं येईल? मत्स्यालयाभोवती पत्रे लागले तेव्हा मी इथे नवीन होते. आजवर कुणी विचारलंय?

संचालक : मत्स्यालयाचं काम चालू आहे.

डॉक्टर : बघा. तुम्हालासुद्धा खरं वाटतं.

आर्किटेक्ट : मग उशिराचं कारण मी काय देऊ?

संचालक : आजवर काय देत आलात?

आर्किटेक्ट : तांत्रिक अडचण.

संचालक : तेच द्या. या वेळी निदान अडचण खरी आहे. आणि जाता जाता त्या बुलडोझरवाल्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

(आर्किटेक्ट आराखडा गुंडाळून बाहेर जातो.)

डॉक्टर : थँक्यू, भावजी.

संचालक : सर म्हण. पाहुण्यांनी विचारलं, लांडगीण कुठाय, तर?

डॉक्टर : बाळंतीण आहे म्हणा. कुणी पुढे विचारत नाही.

संचालक : आणि मी? म्हणजे मला तरी एकदा… लांबून. आवाज न करता.

डॉक्टर : नाही.

संचालक : अगं, मी संचालक आहे इथला!

डॉक्टर : तिला कुठे ठाऊक आहे ते.

संचालक : …बरं. मग एक कर. पत्रे माझ्या डोक्यापेक्षा उंच लावायला सांग.