सुग्रीवच्या जीपचा विमा

सिरसाळ्याच्या फाट्यावर जीप भरायची वाट बघत वच्छलाबाई मागच्या सीटवर बसली होती. मांडीत रिकामी घागर. पुढं ड्रायव्हर सुग्रीव अन् विमा एजंट भारत यांची जुंपली होती.

“तुझ्या गाडीचा विमा काढायला कंपनी तयार न्हाई बे, सुग्रीव.”

“कावून?”

“कावून म्हणतो? दिवाळीत लिंबाला धडकलास.”

“लिंब ऐन वळणावर हाय. त्याला मी काय करू?”

“मग सोसायटीचं गेट पाडलंस.”

“भर दुपारी बंद होतं. खत वाटायच्या दिवशी गेट बंद ठेवत्यात का?”

“अन् परवा? उभ्या टँकरला ठोकलंस!”

“उभा कुठं? कारखान्याच्या चेअरमनच्या मोसंबीला पाणी चाललतं, आमच्या गावाला घोटभर न देता. तोटी तुटली अन् सारं गाव घागरी घेऊन पळालं. बायांनी माझ्या जीपम्होरं नारळ फोडला!”

“कंपनी नारळ बघत न्हाई. हप्ता दुप्पट पडंल. अन् पुन्हा कुणाला धडकणार न्हाई, असं लिहून दे.”

“देतो की. आण कागद.”

“थांब रे बाबा,” वच्छलाबाई घाईनं पुढं वाकली. “एवढ्यात लिहून देऊ नको.”

“कावून, मावशी?”

“आमच्या गावावरून बी चेअरमनचा टँकर रोज जातो. थांबत न्हाई. अन् वळण बी हाय.”