नुसतं विचारलं हो!

वारा म्हणून नव्हता त्या दिवशी. आभाळ दाटलेलं, पण पडायचं नाव नाय. दिवाळी पंधरा दिवसांवर आली तरी बेटेगावात अंगाला चिकचिक, म्हशीसुद्धा डबक्यातून उठेनात... आणि मी काय करतोय? काखेत स्वेटर मारून बोईसरला कामाला निघालोय! हसा, हसा. अख्खी रिक्षा हसली. पण तुमाला सांगतो, आमच्या नव्या हापिसात एवढी थंडी, एवढी थंडी, की बशीत ओतलेला चहा ओठाला लागेपर्यंत गार! मी हापिसातल्या मेघाली मॅडमला विचारलं, म्हटलं, "गारठ्यात कागद जास्त टिकतात का?" मॅडम म्हणाल्या, "काका, ते मशीनसाठी आहे." म्हणजे मशीन निवांत, आणि माणसं कुडकुडतायत. बरं. मी तक्रार केली नाय हां. मी आपलं नुसतं विचारलं हो!

तर आधी जुनं हापिस सांगतो, नायतर तुमाला काय कळायचं नाय.

पालघरला, कोर्टाच्या मागे, एक खोली. प्रतापभाऊ वकील, एक टेबल, दोन बाकं आणि मी शिपाई. बावीस वर्षं. प्रतापभाऊ जमिनीचेच वकील. बांध, वाट, वाटणी, सातबारा... दुसऱ्या कशाला हात लावायचे नाय. एकदा एक नवराबायको भांडत आली, सोडचिठ्ठी पायजे म्हणून. प्रतापभाऊ चष्म्यावरून बघत म्हणाले, "जमिनीची वाटणी करायची असेल तेव्हा या." ती दोघं बाकावर बसून हिशेब करायला लागली, कुणाला किती जमीन... मी चहा दिला... आणि थोड्या वेळाने हसत हसत घरी गेली. जमीनच नव्हती हो त्यांच्याकडे!

मला अक्षर येत नाय. पण फाईल मागा, डोळे मिटून काढून देईन. गावागावाचं फडकं वेगळं. सालवडचं हिरवं, सरावलीचं आमच्या बुधीच्या जुन्या लुगड्याच्या काठाचं... बायको म्हणायची, "माजं लुगडं कोर्टात गेलं, मी नाय गेली." आणि एक फाईल माझ्या टॉवेलात बांधलेली. ती माझी.

माझी पण केस होती ना! सांगायचं राहिलंच.

माझ्या बांधाला लागून एक कंपनी. चौदा वर्षांमागे त्यांनी भिंत घातली ती माझ्यात आली. किती आत? अडीच गुंठे आणि एक ताड. गुंठ्यांचं एक वेळ सोडा, पण ताड माझ्या बापाच्या हातचा! नवशा त्याचं नाव. त्याने लावला, आणि म्हणाला, "मी नाय खाणार, तू खा." आता दर उन्हाळ्यात ताडगोळे लगडतात, मी भिंतीच्या अलीकडून मान वर करून बघतो, आणि ते पडतात पलीकडे. धप्. धप्. मोजतो मी नुसते. प्रतापभाऊंनी पहिल्याच महिन्यात कोर्टातून हुकूम आणला, 'जैसे थे'. म्हणजे जे जिथं हाय ते तिथंच, कुणी हात लावायचा नाय. भिंत पुढे सरकायची भीती गेली! मी आळीभर जिलेबी वाटली. मग प्रतापभाऊ म्हणाले, "भिकाकाका, आता समोरच्यांशी एक शब्द बोलायचा नाही. जे काय ते मी बोलेन." नाय बोललो. वकिलाने सांगितलं म्हणजे सांगितलं.

आणि यंदा काय झालं, मुंबईच्या एका मोठ्या वकील कंपनीने बोईसरला तिसऱ्या मजल्यावर हापिस काढलं. प्रतापभाऊंना म्हणाले, आमच्याकडे सगळ्या तऱ्हेचे वकील हायत, जमिनीतला नाय, तुमी या. प्रतापभाऊ म्हणाले, "येतो. पण माझा भिका येईल." असं कोण कुणासाठी म्हणतं हो?

तर आलो. दारातच अडकलो. दार उघडायला अंगठा लावायचा! मला वाटलं, माझ्यासारख्यासाठी सोय केलीय. बघतो तर काय, काळा कोट येतो, अंगठा लावतो. मॅडम येतात, अंगठा लावतात. जन्मभर मी मान खाली घालून अंगठा लावला, आणि हे एवढं शिकून शेवटी अंगठ्यावरच आले? मी वॉचमनला विचारलं, "ह्यांना सही येत नाय काय?" तो म्हणाला, "चाचा, धीरे बोलो." आणि गंमत बघा, सगळ्यांत माझाच अंगठा मशीनला पटेना! कोयती धरून धरून रेषाच उरल्या नायत म्हणे. रोज वॉचमन आत घेतो मला.

आत वकील किती? चाळीस! एक नुसते करार लिहितो, दुसरा नुसते करार मोडतो. आणि प्रत्येकाने दर सहा मिनिटांचं लिहून ठेवायचं, काय काम केलं ते. मी मेहुल वकिलाला विचारलं, "मोरीत गेलात तर काय लिहिता?" बिचारा विचारात पडला. त्यात सहा मिनिटं गेली. मग ती सहा मिनिटं काय म्हणून लिहायची, ह्या विचारात पुढची सहा गेली! रागावला माझ्यावर. अहो, मी आपलं नुसतं विचारलं हो!

एक गोष्ट मात्र चांगली. मेघाली मॅडम तिथल्या मोठ्या. त्यांनी प्रतापभाऊंच्या सगळ्या फायली मशीनला दाखवल्या. आपला कोण, समोरचा कोण... एकाच हापिसात दोन्ही बाजूंचं काम नको. बरोबरच हाय! पण माझी फाईल? ती रजिस्टरला होतीच कुठं! घरची केस म्हणून ती जुन्या हापिसात चहासाखरेच्या फळीवर असायची. ती मी डब्याच्या पिशवीतून आणली आणि नव्या हापिसात चहाच्या कपाटात ठेवली. साखरेच्या मागे. कुणी विचारलं नाय, मला सांगायचं सुचलं नाय.

आता त्या दिवसाचं ऐका. प्रतापभाऊ पालघरला कोर्टात. हापिसातलं चहाचं मशीन बंद. आणि नेमके पाहुणे आले. कुठल्याशा कंपनीचे मॅनेजर साहेब, जुना वकील सोडून नवा धरायला आलेले. मॅडम धावत आल्या, "काका, तुमचा चहा करा, आलं घालून!" स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि केला. ट्रे घेऊन आत गेलो, तर साहेब सांगतायत, "बाकी सब ठीक है मॅडम, एक पुराना केस है बेटेगाव का, दीवार का. एक बुड्ढा है, चौदह साल से पीछे पड़ा है."

मी कप त्यांच्यासमोर ठेवला. बेटेगावात चौदा वर्षं भिंतीच्या मागे लागलेले म्हातारे किती असतील हो?

बोलायचं नाय, हे ठाऊक होतं मला. पण साहेबांनी चहाचा घोट घेतला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वा चाचा!" मग जिभेवर राहील काय? म्हटलं, "साब, वो जमीन आपको किसलिए मंगता?"

"किसी लिए नहीं! ठेकेदार ने लाइन गलत डाली थी."

"तो दीवार तोड़ते क्यूं नहीं?"

"कैसे तोड़ें? कोर्ट का ऑर्डर है, जैसे थे! हाथ नहीं लगा सकते."

"ऑर्डर कौन लाया?"

"वो बुड्ढा!"

मी भिंतीला टेकलो. हापिसाच्या. म्हटलं, "उसको कभी पूछा, उसको क्या चाहिए?"

"हमारा वकील बोला, उससे एक शब्द बात नहीं करना."

आता मला सांगा... मी काय करायला पायजे होतं? ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "साब, वो बुड्ढा मैं हाय."

साहेबांचं बिस्कीट चहात पडलं. मॅडम ताडकन उठल्या. "काका! एक शब्द बोलू नका! तुमचा वकील कोण?"

"प्रतापभाऊ."

मॅडम बसल्या. "फाईल कुठंय?"

"साखरेच्या मागे."

मॅडमनी डोळेच मिटून घेतले. मग फोन झाले, मुंबईला झाले, प्रतापभाऊ धापा टाकत आले. माझा हात धरून म्हणाले, "भिकाकाका, चूक माझी. पण आता मला तुमची केस सोडावी लागणार." म्हटलं, "आणि त्यांची?" मॅडम म्हणाल्या, "तीही घेता येणार नाही. दोघांनी वेगवेगळे वकील बघा." आणि मला हळूच, चांगल्या आवाजात, "काका, तुम्ही आता घरी जा. आम्ही कळवू."

कळवू! बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, "तुमी जा, साहेब कळवतील." कळवू म्हणजे काय ते मला नाय कळणार तर कुणाला? टॉवेलातली फाईल घेतली, काखेत स्वेटर, उतरलो खाली.

खाली रिक्षा स्टँडवर बघतो तर मॅनेजर साहेब, घाम पुसत गाडीची वाट बघतायत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांना वकील नाय, मला वकील नाय. बोलू नका म्हणणारं कोणच नाय! साहेब म्हणाले, "चाचा, सच में क्या चाहिए?" म्हटलं, "अडीच गुंठा और एक ताड. और क्या?" साहेब म्हणाले, "बस?" मी म्हटलं, "बस." रिक्षावाल्याच्या देखत! दोघांनी मिळून कोर्टात लिहून द्यायचं ठरलं. कोर्टाने हो म्हटलं की भिंत पाडणार, नि ताड अलीकडे. किती वेळ लागला माहीत हाय? मला घड्याळ कळत नाय, पण त्यांची गाडी यायच्या आत झालं सगळं. सहा मिनिटं असतील. मेहुल वकिलाने काय लिहिलं असतं ह्याचं!

म्हणजे ताड आला आणि नोकरी गेली. रडू का हसू तेच समजेना. घरी आलो, ओट्यावर बसलो, आणि शेजारच्या प्रेमलाला सगळं सांगितलं. अंगठ्याचं, मशीनचं, कुणाकुणाला काय काय विचारलं ते. ती वालाच्या शेंगा सोलत होती. शेंगा सोलून संपल्या, सूप उचललं, भिंतीकडे बघितलं, ताडाकडे बघितलं, आणि म्हणाली,

"अख्ख्या दुनियेला इचारत फिरलास रं भिकादादा... जिथं इचारायचं तेवढं सोडून!"