विजयाताई आणि बोटीचा चार्जर

तुम्ही आमच्या विजयाताईंना भेटला नाहीत, म्हणून सांगतो. कारेलीबागेत माझ्या शेजारी राहतात. तीस वर्षं वायरमनचा वर्ग शिकवून निवृत्त झाल्या.

विश्वामित्री नदीला पूर आला त्या सकाळी आमच्या मदत मंडळाची बोट चालेना. तिकडे अकोट्यात एक बाळंतीण पहिल्या मजल्यावर अडकलेली, बाळाला ताप. बोटीची मोटर दोन बॅटऱ्यांवर चालते. बोटीतच बसवलेल्या चार्जरवर एकीचा दिवा हिरवा होता, दुसरीचा लाल.

"चार्जर तो गयो," आमचे जिग्नेशभाई म्हणाले. "नवा आणावा लागेल."

मी ताईंना घेऊन आलो. त्यांनी चार्जर बंद केला, दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरी अदलाबदल करून जोडल्या आणि पुन्हा चालू केला. लाल दिवा त्याच बॅटरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला.

"चार्जर ठणठणीत आहे," ताई म्हणाल्या. "ही बॅटरी इतकी उतरलीय, की चार्जरला ती दिसतच नाही."

मग ती बॅटरी सुटी करून त्यांनी माझ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडली. जरा जीव आल्यावर परत चार्जरला लावली. या वेळी चार्जरने ती ओळखली. दोन तासांनी बोट निघाली, आणि बाळ-बाळंतीण सुखरूप दवाखान्यात पोचली.

जिग्नेशभाईंनी हात जोडले. "ताई, हे कुठे शिकलात?"

"शिकवत होते. तुम्ही वर्गात नव्हतात."

आता दर रविवारी आम्ही अकरा जण ताईंच्या गच्चीवर शिकायला जातो. जिग्नेशभाई सगळ्यात पुढे बसतात.