मायच्या मोहाचा रंग

ब्याऐंशीचा चैत होता. भंडाऱ्याच्या स्टँडवर नाकाडोंगरीची बस काही लागेना. पितळी भांड्यांच्या पोत्याला टेकलेल्या भैय्यालालचे कान मागच्या बाकाकडे लागले होते. रंभाबाई थोरल्या बहिणीला, सीताबाईला, किती वर्षांनी माहेरी नेत होती. सीताबाईच्या मांडीवर फुलं वेचायची टोपली होती.

"रंभे, उतरल्यावर पहिले मायच्या मोहाच्या झाडाखाली जाऊ. मंग घरी."

"बाई, मांगच्या महिन्यात जंगलाचा साहेब आला होता. आमच्या ओसरीत नकाशा पसरवला. झाडायले कुठं कायचा धोका, तसा रंग भरून राह्यला होता."

"कायचे रंग?"

"कुऱ्हाड चालते तिथं लाल. खदानीची धूळ बसते तिथं काळा. अन् मोहफुलं वेचाले आपण खालचा पाला जाळतो ना, तिथं पिवळा. बारकी रोपं जळतात म्हणे."

"पाला नाही जाळला तर फुलं दिसतीन कशी?"

"मी बी तेच म्हटलं."

"माय पहिलं फूल मुळाशी ठेवल्याबिगर वेचू देत नव्हती. आठवते?"

"तू तोंडात टाकलं, अन् धपाटा मले बसला."

"तुहे गाल फुगले होते, म्हणून. मायचा मोह दाखवला का साहेबाले?"

"दाखवला. बोट ठेवून."

"मंग कोणता रंग मारला?"

"बस आली वाटते."

"रंभे."

"कोराच ठेवला, बाई. तिथून खदानीचा रस्ता गेला. झाडच नाही, तर आता धोका कायचा, म्हणे."

बस लागली. भैय्यालालनं पोतं टपावर चढवलं आणि सीताबाईच्या टोपलीसाठीही हात पुढं केला.

"राहू द्या भाऊ. रिकामीच हाय."