तोफेखालची डबी

समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्याच्या बागेबाहेर, बसच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. सासूबाईंच्या एका हातात पांढरी काठी होती आणि दुसऱ्या हाताच्या नखांत माती.

"आई, तीन रविवार मी फोन घेऊन त्या तोफेभोवती फिरतेय. या शोधखेळात फोन जागेपर्यंत नेतो, पण कुणीतरी लपवलेली डबी काही दिसत नव्हती."

"दिसावी म्हणून ठेवलीच नव्हती ती."

"मग तुम्हाला कशी सापडली?"

"चौथऱ्याचे दगड चाचपत गेले. खाऱ्या वाऱ्यानं सगळे खरखरीत झालेत, एकच गुळगुळीत लागला. म्हटलं, याला सारखा कुणाचा तरी हात लागतोय. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय गं, पोत बोटांना कळतो."

"आणि मी तुम्हाला बाकावर बसा म्हणत होते."

"म्हणालीस खरी."

"चुकलंच माझं. डबीतल्या वहीत शोधणारी म्हणून तुमचं नाव लिहिलंय. खाली 'सोबत सून'."

"बरं केलंस. पुढची डबी कुठं आहे?"

"इथल्याच दीपगृहापाशी, वर. पण दोनशे पायऱ्या आहेत, आई."

"मग या रांगेत कशाला उभ्या आहोत आपण?"

बस आली तेव्हा माझ्यापुढे कुणीच नव्हतं.