दत्तूचं चित्र गावात एकही नाही

जमलेल्या बेलापूरकरांनो, आणि कमलवहिनी,

मला बोलायला लावू नका, असं मी सरपंचांना सांगितलं होतं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीत, दत्तू पेंटरचे दोस्त होतात, तुम्हीच बोला, म्हणाले. बोलतो. पण गोड बोलणं आज जमणार नाही.

टेबलावर हा फोटो आहे. मोबाईलमधला, फ्लेक्सवाल्याकडून छापून आणलेला. इतका गोरा केलाय की वहिनींनीही क्षणभर ओळखला नाही. फोटो का? कारण दत्तूचं चित्र गावात एकही नाही.

आणि तुमच्या भिंतींवर? सगळ्या त्याच्या हातच्या तसबिरी. माणूस गेला की दहाव्याच्या आत आधारकार्ड घेऊन तुम्ही दत्तूच्या दारात. त्या कार्डावरच्या भुतावरून तो तुमचा बाप काढून द्यायचा. अगदी आता बोलतील, म्हणायचात. कसं जमतं रे, असं विचारलंत कधी?

मी विचारलं. विचारलं कसलं, टोमणा मारला. म्हटलं, मेलेल्यांच्या तसबिरी काढून कुणी कलाकार होत नाही, आतून स्फूर्ती यावी लागते. तो हसला. म्हणाला, "गुर्जी, आतून मला काय बी येत न्हाई. मी आपला बाजारात जाऊन बसतो."

दर आठवडे बाजाराला तो भाजीच्या ओळीशेजारी पोत्यावर बसायचा, मांडीवर जुनी वही. रिकामटेकडा, म्हणायचो आपण. मीसुद्धा. परवा वहिनींनी त्या वह्या दाखवल्या. पत्र्याची पेटी भरून आहेत. आपण सगळे आहोत त्यात. भाव करताना कुणाची भुवई चढते, हसताना कुणाचा कुठला दात दिसतो, सगळं. सरपंच, तुमचे वडील बारा वेळा आहेत. हिंडतेफिरते. त्याला आधारकार्ड लागतच नव्हतं हो. तुमचं मन राखायला घ्यायचा.

मीही आहे. खाली लिहिलंय, 'गुर्जी. हात खिशात.'

खोटं नाही ते. माझ्या घरी वीस वर्षं कॅनव्हास कोरा उभा आहे. मूड लागत नाही म्हणून. मी मूडची वाट बघत बसलो, तो वही घेऊन बाजारात गेला. आणि त्याला कला शिकवायला मी निघालो होतो!

आज सकाळी त्याचं चित्र काढायला बसलो. चाळीस वर्षांची दोस्ती. नाक आलं. मिशी आली. डोळे येईनात. कारण मी ते कधी नीट बघितलेच नव्हते. कागद फाडला, म्हणून इथे हा फ्लेक्स आहे. मला लाज वाटते. तुम्हालाही वाटली पाहिजे.

आता दोन मिनिटं उभं राहू. पण डोळे मिटू नका. मान खाली घालू नका. शेजारी जो उभा असेल, त्याच्या तोंडाकडे बघा. नीट बघा, दत्तू बघायचा तसं.

उठा.